इतवारची गोळी

पोट होतं तेव्हा मी ठणठणीत होते, हाच माझा गुन्हा ठरला. इतकी वर्षं झाली, अजून घशाखाली उतरत नाही.

नागपूरच्या इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान, वर घर. लग्नानंतर वर्षभरात सकाळी बोटं आखडायला लागली. गुंड उचलवेना, कुकरचं झाकण लागेना. वात म्हणून तेल चोळलं. मग दिवस गेले आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दुखणं जे पळालं ते पळालंच. सातव्या महिन्यात मी गच्चीवर गहू वाळवत होते. एप्रिल 2001 मध्ये मुलगी झाली. सव्वा महिना सरतो न सरतो तोच हात पुन्हा धरले, आधीपेक्षा वाईट. झबल्याची नाडी बांधायला दात लावायचे. पोरगी रडायची, आणि तिच्याहून जास्त मी.

सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोट होतं तवा तं गच्चीवर चढून राहिली होती. आता काम अंगावर आलं तं काऊन हात दुखून राहिले?"

झालं. घरात तेवढंच चाललं. जाऊ म्हणाली, थंड पाण्यात हात घातले असतील. दीर हसले. नवरा गप्प राहिला, ते गप्प राहणं मला सगळ्यांत जास्त लागलं. एका डॉक्टरांनी बोटांना हातही न लावता 'बाळंतिणीचं मन हळवं असतं' म्हणत टॉनिक लिहून दिलं. खरा आजार कधी नऊ महिने सुट्टीवर जातो का? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री पोरीला पाजताना मलाच वाटायचं, आपण खरंच नाटक तर करत नाही?

पहिल्यांदा विश्वास ठेवला तो सराफा ओळीतल्या सोनारानं. अंगठी बोटात रुतली म्हणून त्यानं बारीक करवतीनं कापली. आठवड्यानं दुसऱ्या हाताचीही कापायची वेळ आली. दोन्ही तुकडे समोर ठेवून तो म्हणाला, "वहिनी, दोन्ही हातांचं तेच बोट, तोच सांधा. कामानं असं सुजत नाही." खरं निदान, रुमेटॉइड आर्थरायटिस, व्हायला पुढे दोन वर्षं गेली. तेव्हापासून मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, दर रविवारी. इतवारीत राहायचं आणि गोळीही इतवारची.

मुलगी पुढे मायक्रोबायोलॉजी शिकली. तिनं मला दुकानाच्या भाषेत सांगितलं. मोबाइल नव्हते तेव्हा आपण हमालाच्या हाती गोदामात चिठ्ठी धाडायचो ना, तशा रोगाशी लढणाऱ्या पेशी एकमेकींना चिठ्ठ्या धाडतात. त्या सायटोकाइन. टीएनएफ, आयएल-6 या चिठ्ठ्या सांध्यात फार झाल्या की सूज. आणि या पेशींत इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन ओळखणारे रिसेप्टर असतात. इस्ट्रोजेन कमी असलं तर अशा चिठ्ठ्यांना जोर येतो, गरोदरपणात त्याचा पूर आला की त्या आवरल्या जातात. बाळंतपणानंतर काही दिवसांत पूर ओसरतो आणि गोदामाला पुन्हा चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या.

अमेरिकेत फिलिप हेंच या डॉक्टरांनी 1938 मध्येच गरोदरपणात हा आजार निवतो हे लिहून ठेवलं होतं. त्यांनी काविळीतही तेच पाहिलं होतं, पुरुषांतसुद्धा, त्यामुळे ही किमया एकट्या बायकी हार्मोनची नसावी असं त्यांना वाटलं. त्या शोधातून कॉर्टिसोन हाती लागलं, 1950 चं नोबेलही. म्हणजे माझ्या लग्नाआधी कितीतरी वर्षं माझी साक्ष छापून पडली होती, इतवारीत तेवढी पोचली नव्हती. मुलगीही बजावते, सगळं एकट्या इस्ट्रोजेनवर टाकू नकोस. प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन सगळे त्यात आहेत. शिवाय हेच इस्ट्रोजेन बी पेशींना अँटिबॉडी बनवायला चेव आणतं. अँटिबॉडी स्वतःच्याच शरीरावर उलटतात त्या ल्युपस आजाराचे दहातले नऊ रुग्ण बायकाच, आणि त्यांचा आजार गरोदरपणात उलट भडकूही शकतो. एकीला तारतं तेच दुसरीला मारतं. कुणाचा राग करायचा?

बाळंतिणीची बोटं सकाळी तासभर आखडत असतील तर शेक-शेगडी करा, पण आधी तिला सांध्यांच्या डॉक्टरकडे न्या. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं वाकली ती त्या दोन वर्षांत.

सासूबाईंना मी माफ केलेलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. पण 2001 च्याच पोळ्याचा दुसरा दिवस आठवतो. मारबतीची मिरवणूक निघाली होती. रोगराई घेऊन जा म्हणून गर्दी ओरडत होती. बाई घसा ताणून ओरडल्या, "सुनेचे हात दुखतेत, तेही घेऊन जाय व माय!" मी पोरीला घेऊन गच्चीवर शेजारीच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "भांडे पडलेत, घास."