ओलीचिंब बाई, कोरडी खोली

आत्याची नात रात्री मोबाइलवर ‘अवर ब्लूज’ ही कोरियन मालिका बघत होती आणि आत्या तिच्या खांद्यावरून. त्यातली सनआ अंथरुणातून उठते. खोली कोरडीठाक, पण तिच्या केसांतून, बाह्यांतून पाणी निथळतंय. ते घरात कुणालाच दिसत नाही. आत्या एवढंच म्हणाली, “असंच होते.” पुढचा सगळा भाग गप्प.

*

आत्याचं घर गोसीखुर्द धरणाच्या बुडितात गेलं. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा ती नुकती नांदायला आली होती. आता पुनर्वसनाच्या गावठाणात राहते. पत्ता विचारला की आधी जुन्या गावाचं नाव तोंडात येतं. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की लोक डबे घेऊन वैनगंगेचं पाणी बघायला जातात. तेहेतीस दरवाजे आहेत. ही एकदाही गेलेली नाही.

*

‘अवर ब्लूज’ (२०२२) लिहिणाऱ्या नो ही-क्यंग यांचीच २०१४ ची ‘इट्स ओके, दॅट्स लव्ह’. नायक कादंबरीकार, त्याला स्किझोफ्रेनिया. एक अनवाणी पोरगा त्याला सारखा भेटत राहतो, फक्त त्यालाच. निरोप देताना तो त्या पोराचे पाय धुतो, बूट घालतो. आजाराला हाकलून देणं आपल्या पडद्यावर खूप झालं; आजाराचे पाय धुणं मी पहिल्यांदा पाहिलं.

*

कोरियात या आजाराला ‘दुभंगलेलं मन’ अशा अर्थाचं नाव होतं. २०११ च्या सुमारास ते बदललं: जोह्यनब्यंग. म्हणजे वाद्याच्या तारा जुळवणं. तंबोरा उतरलाय, फुटलेला नाही. आपल्या पुस्तकांत अजून ‘छिन्नमनस्कता’, आणि गावात ‘बाहेरचं’.

*

खटकतं तेही लिहून ठेवतो. या मालिकांत प्रेम मिळालं की सोळा भागांत माणूस बरा. ‘इट्स ओके टू नॉट बी ओके’ मधलं समुद्रकाठचं मनोरुग्णालय तर असं, की आपण सुटी काढून जावं. गोळ्यांनी येणारी सुस्ती, सुटणारं अंग, एस.टी.चं भाडं यांतलं फारसं काही नाही. ‘डेली डोस ऑफ सनशाइन’ (२०२३) जास्त प्रामाणिक. मूळ वेबटून एका माजी नर्सचं आहे. त्यातली नर्सच नैराश्यानं भरती होते, बरी होऊन कामावर येते, आणि रुग्णांचे नातेवाईक म्हणतात, ही नको.

*

मराठीत ‘देवराई’ होता, ‘कासव’ होता. ‘कासव’चे निर्माते मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, चित्रपटाला सुवर्णकमळही मिळालं. पण आत्यापर्यंत आधी पोचलं ते ‘अवर ब्लूज’मधलं कोरियाचं जेजू बेट.

*

नातीनं टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहिलाय. आत्यानं विचारलं, कोणाचा?

“मनातलं बोलाले. फुकट हाय.”

“मराठीत बोलतेत का वं? का त्या पोरीवानी?”