खांब जाड, पाणी कमी!

शिवाजी पेठेतल्या घरी 2019 च्या महापुरावर लेख लिहीत होते. सोबत एक्सेलचा थ्री-डी चार्ट, एकदम झक्कास! आबा डोकावले. “अगं, राजाराम बंधाऱ्याला पाणी 55 फुटांच्या वर गेलतं. तुझा खांब तर 55 च्या रेघेखालीच की!”

आकडा बरोबर होता. पण खांब मागच्या भिंतीपासून पुढे उभा, म्हणून बुटका दिसत होता. ‘गॅप विड्थ’, म्हणजे खांबांमधली फट, 150 वरून 50 केली. खांब जाडजूड झाले, पण बुटकेच. ‘गॅप डेप्थ’ शून्य केल्यावर ते भिंतीला टेकले. तरी पुढची कड फसवतच होती.

शेवटी साधा टू-डी चार्ट पाठवला. ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांचा पूर इंचभरही कमी दाखवायचा मला काय हक्क?