उघडी गाडी

आंबिवलीच्या आमच्या चाळीत दादाने गेल्या वर्षी केटीएमची ड्यूक २०० आणली. जुनीच, २०१६ सालची, हप्त्यांवर घेतलेली. आईने हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "अरे, एवढे पैसे मोजलेस, आणि झाकायला पत्रासुद्धा दिला नाही?"

आईचे काही चुकले नव्हते. या जातीला 'नेकेड'च म्हणतात. शर्यतीच्या गाडीला वारा कापण्यासाठी अंगभर कवच असते. ते उतरवले की उरते ती ही. पोलादी नळ्यांची जाळी, तिच्यात टांगलेले इंजिन, पुढे रेडिएटर, सारे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. सायलेन्सर इंजिनाखाली घेतलेला. त्यामुळे वजन खाली आणि मध्यावर राहते. हे रूप ऑस्ट्रियातल्या किस्का या डिझाइन-संस्थेने रेखले, पण गाडी घडते आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात. २०१२ साली ती भारतात विक्रीला आली. बाबांची चेतकही बजाजचीच. तिने मात्र आपले इंजिन जन्मभर फुगीर पत्र्याखाली झाकून ठेवले.

आपल्या कॉलेजच्या आवारात अशा गाड्यांभोवती घोळका करणाऱ्यांना बाकीचे पाठच असेल. इंजिन १९९.५ सीसीचे, ताकद सुमारे २५ अश्वशक्ती, गिअर सहा. पण ही पूर्ण ताकद मिळते मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या आसपास. आमची संध्याकाळ शहाडच्या पुलावर पहिल्या गिअरमध्येच जाते. रेडिएटरचा पंखा घरघरतो आणि गरम वारा पायांना भाजतो. मागची सीट पाटाएवढीही नाही.

दर रविवारी गाडी धुण्याचे काम माझे. मजुरी म्हणून टिटवाळ्यापर्यंत एक फेरी. एका रविवारी मीटरमध्ये पाणी गेले की काय, हे पाहायला किल्ली फिरवली आणि हात थांबला. गाडी आणली तेव्हा मीटरवर २१,४०० होते. आता २७,९००. घर ते दादाचे कल्याणचे कॉलेज, जाऊन-येऊन १५ किलोमीटर. चार महिन्यांत फार तर दीड हजार व्हायला हवे होते.

दादाला नळापाशी गाठले. तो बराच वेळ बादलीकडे पाहत राहिला.

"बाबांचा पगार थांबला तेव्हाच कॉलेज सोडलं. हप्ता थांबतो का कुणासाठी? पार्सलं पोचवतो, डोंबिवलीपर्यंत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लेक्चरला उशीर होईल म्हणून आई पहाटे उठून डबा करते गं. तो हातात घेताना काय सांगू?"

वेगासाठी जन्मलेली ती गाडी लोकांची खोकी घेऊन दारोदार फिरत होती. तिच्यात लपवलेले काहीच नव्हते. लपवले होते ते आमच्या घरात.

त्या रात्री जेवताना दादाने आपणहून सांगितले. बाबा ताटावरून उठले नाहीत, बोललेही नाहीत. आईने एवढेच विचारले, "मग रोजचा डबा कुठे खात होतास?"

"शहाडच्या पुलाखाली. गाडीवर बसून."

दादाने आता मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षणाचा अर्ज भरला आहे. गाडी ठेवायची की विकायची, हे अजून ठरलेले नाही. रविवारी मी ती धुतेच. जाळीत फडके घालून एकेक नळी पुसते. रात्री दादा परतला की बाबा चपला घालून खाली उतरतात, किल्ली फिरवतात आणि मीटर पाहून मुकाट्याने वर येतात.