माझा चेलोचा अभ्यास

आमच्या बोरगाव मेघे येथें भजनी मंडळांना तोटा नाहीं. पेटी, तबला, खंजिरी हीं वाद्यें लहान मुलांनाहि ठाऊक. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ सालीं गेले, तरी त्यांच्या खंजिरीचा ठेका या भागांत अजून ऐकूं येतो. चेलोचें मात्र नांवहि मीं ऐकलें नव्हतें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या शेजारीं एक वृद्ध गोमंतकीय गृहस्थ आपल्या कन्येकडे राहावयास आले. मुंबईस चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांचें आयुष्य गेलेलें. त्यांना मी आजोबा म्हणतों. त्यांच्या सामानांत माझ्या खांद्याइतकें उंच एक काळें खोकें होतें. त्यांत हें वाद्य होतें.

वाचकांपैकीं ज्यांनीं तें पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. चेलो हा व्हायोलिनचा थोरला भाऊच. खुर्चीवर बसून तो गुडघ्यांमध्यें धरावयाचा, त्याचा लोखंडी खुंट जमिनीवर टेकवावयाचा आणि गज आडवा ओढावयाचा. तारा चार. सर्वांत खर्जाच्या तारेस षड्ज मानलें तर पुढील तारा अनुक्रमें पंचम, रिषभ व धैवत या स्वरांत लागतात. सतारीप्रमाणें पडदे नाहींत, पेटीप्रमाणें पट्ट्या नाहींत. स्वर कोठें आहे हें डाव्या हातालाच ठाऊक असावें लागतें.

मला व्हायोलिन थोडेंफार येतें. परंतु तेथील हिशेब येथें चालत नाहीं. व्हायोलिनच्या तारेची वाजती लांबी सुमारें ३३ सेंटिमीटर, तर चेलोची सुमारें ६९. त्यामुळें व्हायोलिनवर शेजारच्या दोन बोटांत एक पूर्ण स्वर मावतो. चेलोवर खालच्या भागांत अर्धाच. तर्जनीपासून करंगळीपर्यंत धरलें तरी दीड स्वर! एवढ्याशा भांडवलावर संसार कसा करावयाचा, हाच बोटांच्या क्रमाचा प्रश्न होय. झां लुई ड्युपोर या फ्रेंच वादकानें १८०६ सालच्या सुमारास यावर ग्रंथ लिहून अर्ध्या स्वरास एक बोट ही रीत पक्की केली.

पहिले पंधरा दिवस आजोबांनीं मला गज धरूं दिला नाहीं. पाढे म्हणावे तसा बिलावल म्हणवून घेतला. मोकळी तार शून्य, तर्जनी एक, मधलें बोट दोन, अनामिका तीन, करंगळी चार. सा रे ग म म्हणजे शून्य, एक, तीन, चार. प ध नी सां तेंच. तिसऱ्या तारेवर मात्र रिषभ मोकळा, गंधार तर्जनीवर, आणि मध्यम गंधाराला चिकटून येतो म्हणून तो मधल्या बोटावर, पंचम करंगळीवर. शेवटच्या तारेवर शून्य, एक, दोन. येणेंप्रमाणें हात जागचा न हलवितां दोन सप्तकें पुरीं होतात. ही व्यवस्था मला फार आवडली.

मग भैरवी घेतली. येथें कोमल रिषभासाठीं तर्जनी मागें ताणावी लागते; कोमल गंधार मधल्या बोटानें, मध्यम करंगळीनें. शून्य, एक, दोन, चार. बिलावलांतील तिसऱ्या तारेचे आंकडेहि हेच, परंतु अंतरें निराळीं; नुसता कागद पाहून हात तयार होत नाहीं तो यामुळें. दुसऱ्या तारेवर सां गांठला कीं खरी अडचण. पुढील मोकळी तार शुद्ध रिषभाची. कोमल रिषभ तिच्याहून खालीं. म्हणून दुसऱ्याच तारेवर हात वर सरकवावा लागतो.

येथेंच आमचा वाद आहे. आजोबा म्हणतात, हात सरकला हें कानाला कळतां कामा नये. दहा वादक एका कागदावरून वाजवीत असतां ज्याची त्याची घसीट निराळी झाली तर गाणें बिघडतें. गोव्यांत पॅरिशच्या शाळांतून मुलें लहानपणींच स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन धरावयास शिकत; मुंबईच्या स्टुडिओंतील कितीतरी वादक त्याच शिस्तींतले. माझ्या कानांना मात्र सां वरून कोमल रिषभाकडे जातांना मींड हवी असते. ती पुसली कीं भैरवी परकी वाटते. या वादांत मी एकटा नाहीं, असा माझा समज आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२), ज्यांच्या नांवाचें गाणें १९७७ च्या चित्रपटामुळें सर्वांस पाठ आहे व ज्यांच्यापाशीं संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांनीं १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचना सादर केल्या होत्या. त्यांचें नांव काढतांच आजोबा थोडे नरमले. दहा वेळां मुकाट्यानें सरकव, अकराव्या वेळीं तुझ्या मनासारखें कर, असें त्यांनीं ठरवून दिलें आहे.

गेल्या मे महिन्यांत वर्ध्याच्या कोरड्या उन्हानें चेलोचा एक सांधा उकलला, खुंट्या सैल पडल्या. खोलींत ओलीं पोतीं टांगूनहि भागलें नाहीं. म्हणून यंदा होळीनंतर आजोबा वाद्य घेऊन गोव्यास जाणार, ते पावसाळा लागल्यावर परतणार. मीं एक बांबू आणून त्यावर ६९ सेंटिमीटरची खूण केली आहे. त्यांतून स्वर निघणार नाहीं, पण सां पासून कोमल रिषभापर्यंतचें अंतर हाताला राहील. मींडेचें काय तें आजोबा आल्यावर पाहूं.