मळवलीला आलेला सुतार

लोणावळ्याच्या लोकलनं पुण्याहून निघालं की कामशेतनंतर मळवली येतं. भाजे लेणी, लोहगड, विसापूरला जाणारी पोरं पाठीवर सॅक टाकून इथं उतरतात. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस इथल्याच पाटण गावात ब्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ बायकोला बरोबर घेऊन घरं बांधायला आले होते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि रोझलिन कार्टर. आठवड्याभरात शंभर घरं उभी करायची होती, त्यासाठी देशोदेशीचे स्वयंसेवक जमले होते.

आपल्या मुलखाशी कार्टर घराण्याचं नातं जुनं. कार्टरांच्या आई लिलियन १९६६ मध्ये पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून भारतात आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांनी जवळजवळ दोन वर्षं रुग्णसेवा केली. पेशानं नर्स, वय अडुसष्ट. त्या वयात आपल्याकडे माणसाच्या हाती जपमाळ देतात.

राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर कार्टर जॉर्जियातल्या प्लेन्सला, आपल्या भुईमुगाच्या गावी परतले. जवळच्या अमेरिकसमध्ये मिलर्ड आणि लिंडा फुलर यांनी १९७६ मध्ये ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही घरं बांधणारी संस्था सुरू केली होती. १९८४ मध्ये कार्टर दांपत्य इतर स्वयंसेवकांबरोबर बसनं न्यूयॉर्कला गेलं आणि एका पडीक सहामजली इमारतीत १९ कुटुंबांची घरं उभी करायला भिडलं. पुढं पस्तीस वर्षं हे काम चाललं; मळवलीचा आठवडा त्यातलाच. वर्षातून एकच आठवडा, असं कुणी म्हणेल. पण पस्तीस वर्षं तो आठवडा दुसऱ्या कशालाही न देणं, ही मला तरी वारीइतकीच मोठी निष्ठा वाटते.

या कामाची रीत मला फार भावते. घर फुकट मिळत नाही. ज्याला राहायचं आहे त्यानं स्वतः राबायचं, आणि घराचे पैसे परवडणाऱ्या हप्त्यांनी फेडायचे. त्या हप्त्यांतून पुढच्या कुणाचं तरी घर उभं राहतं. देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याची मान खाली, असं इथं होत नाही. घमेल्याची एक कड याच्या हातात, दुसरी त्याच्या.

प्लेन्सच्या मॅरानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये कार्टर नव्वदी उलटल्यावरही रविवारी बायबलचा वर्ग घ्यायचे. तिथला लाकडी क्रूस त्यांनीच घडवलेला. आवारातलं गवतही ते स्वतः कापत. आधी गाव झाडून मग कीर्तनाला उभे राहणारे गाडगेबाबा ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शिवाय नासरेथच्या येशूच्या घरातही सुतारकामच चालायचं. ज्याच्या हाताला रंधा-पटाशीची सवय होती त्या प्रभूची भक्ती नुसत्या ओठांनी कशी पुरी व्हावी?

ऑक्टोबर २०१९ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, कार्टर घरात पडले. भुवईच्या वर चौदा टाके पडले. तरी त्याच संध्याकाळी ते नॅशव्हिलला त्या वर्षीच्या घरबांधणीसाठी जमलेल्या स्वयंसेवकांसमोर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी, डोळा काळानिळा झालेला असताना, ड्रिल घेऊन ओसरीच्या छपराचे लाकडी टेकू तयार करायला बसले. ओसरी कुणाच्या तरी घराची होती आणि त्या आठवड्यात ती पुरी व्हायची होती.