वाय की एन?

टर्मिनलवर येणारी यादी कधी वाचता का? सबमिशनच्या आदल्या रात्री नवा पायथन टाकायचा म्हणून रूममेटने उबुंटूला हुकूम सोडला, ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३’. यादी सरसर खाली. त्यात टर्मिनल, डेस्कटॉपसुद्धा! पायथनच्या जिवावर जगणारी एवढी मंडळी. १९९८ साली आलेलं हे ॲप्ट पॅकेज बसवताना त्याला लागणारा सगळा गोतावळा आणतं. काढताना मात्र त्याच्यावर विसंबलेल्यांनाही घेऊन जातं. शेवटी एकच प्रश्न, वाय की एन? नुसतं एंटर म्हणजे ‘हो’. पठ्ठ्याचं बोट एंटरवरच! मी हात धरला, ‘एन’ दाबलं. नवा पायथन जुन्याच्या शेजारी बसवला, सकाळी प्रोजेक्ट चालला. आणि हो, फावल्या वेळात ‘ॲप्ट मू’ टाइप करा. गाय दिसते, खरंच!