मिस्त्रींचा डावा हात

शेंद्रा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जालना रोडचे मोटारींचे मोठाले कारखाने येतात. माझ्या मामाचं वर्कशॉप त्याच एमआयडीसीत आहे, पण आतल्या रस्त्यावर, आणि त्यात माणसं चारच. तिथं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनतात. वाळूच्या साच्यात जो आकार उमटवायचा, तो आधी लाकडात कोरावा लागतो. बीड गार होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. साच्यातून सुटावा म्हणून त्याला बारीक उतार द्यायचा. हे सगळं शेवटी पटाशीच्या आणि रंध्याच्या पात्याच्या धारेवर अवलंबून असतं.

ही धार लावायला मामाने दोन वर्षांपूर्वी पाण्यावर चालणारं मशीन घेतलं. या प्रकारची मशीन्स स्वीडनच्या टॉरमेक कंपनीने जगभर नेली. मामाचं त्याच धर्तीचं, दुसऱ्या कुणी बनवलेलं. २५० मिलिमीटर व्यासाचं, ५० मिलिमीटर रुंद चाक मिनिटाला ९० फेरे घेतं आणि खालच्या अंगाने पाण्यात बुडालेलं असतं. चाकाचा पृष्ठभाग मिनिटाला ७० मीटर सरकतो. कोरड्या ग्राइंडरवर हाच आकडा १,३०० मीटरच्या आसपास जातो. तिथं पातं तापून निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं. इथं तसं होत नाही. मात्र हे चाक मऊ असतं, झिजतं, आणि झिजायलाच हवं; बोथट कण गळले तरच खालचे ताजे वर येतात. चाकातलं ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे आपलं कुरुंदच, फक्त भट्टीत बनवलेलं. पूर्वी कुरुंदाची भुकटी लाखेत कालवून आपल्याकडे साणेची चाकं करत.

तक्रार अशी होती, की चाक डावीकडे जास्त झिजतं. हिऱ्याच्या टोकाने घासून सरळ केलं, तरी पंधरा दिवसांत पुन्हा तसंच. मामाचं निदान तयार होतं. ‘मिस्त्रींचा हात डावीकडं दाबतो. मी डोळ्यानं बघितलंय.’ त्यामुळे मशीन आता तरुण पोराकडे द्यायचं, मिस्त्रींनी फक्त जोडकाम करायचं, असं घाटत होतं. तीस वर्षं पटाशी धरलेल्या माणसाला धार लावू न देणं म्हणजे काय, हे मामाला कळत नव्हतं असं नाही. पण नवं चाक स्वस्त नसतं.

माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. चैत्रात मांगीरबाबांच्या यात्रेच्या सुमारास मी तिकडे गेलो, तेव्हा मामाने ‘तू इंजिनिअर ना, बघ जरा’ म्हणून मला मशीनसमोर बसवलं.

‘वेडंवाकडं झिजतं’ या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार असू शकतात. चाक फिरताना वरखाली होत असेल, तर ते गोल राहिलेलं नाही. रात्रभर पाण्यात उभं राहिलेलं चाक खालच्या बाजूने जास्त पाणी पितं आणि सकाळी जड अंगाने फिरतं, तेव्हाही असं लंगडतं. मधोमध चर पडला असेल, तर अरुंद पटाशी एकाच जागी धरली जाते आहे. ती रुंदीभर फिरवत राहायची, की काम झालं. आणि एक बाजू बारीक, दुसरी जाड असेल, तर चाक शंकूसारखं झालंय. आमच्याकडे थोडा चर होता, पण मुख्य आजार तिसरा.

पाण्याचा ट्रे काढून मोठ्या व्हर्निअरने दोन्ही कडांचा व्यास मोजला. उजवीकडे २४१.२, डावीकडे २४०.४. त्रिज्येत फरक ०.४ मिलिमीटर. २५ मिलिमीटरच्या पटाशीखाली हा फरक निम्मा, ०.२. पण २५ अंशांच्या उतारावर तोच फरक धारेत जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा तिरकेपणा आणतो. नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका.

ज्या दांड्यावर हत्यार टेकवतात, तो या मशीनवर दोन ठिकाणी बसतो, वर किंवा पुढे. मिस्त्री वर लावतात. पोरगा पुढे लावतो, कारण तिथं पाणी अंगावर येत नाही. चाक सरळ करायचं काम नेहमी वरूनच होई. हिऱ्याने चाक सरळ करून दांडा वर बसवला आणि चाकाजवळ आणून फटीत फिलर गेज घातलं. डावीकडे, उजवीकडे फट सारखी. मग दांडा पुढच्या भोकांत घातला. डावं टोक चाकाच्या जवळ, उजवं लांब. फरक ०.४ मिलिमीटर.

तोच आकडा. म्हणजे पुढून लावलेलं रुंद पातं चाकाला डावीकडे आधी टेकायचं, आणि चाक त्या तिरक्या दांड्याला समांतर होईपर्यंत झिजत जायचं. मशीनची भोकंच एका रेषेत नव्हती.

मग मिस्त्री डावीकडे का दाबत होते? मी विचारलं. ते म्हणाले, ‘भाचे, तिकडं चाक लागतच नव्हतं ना. पटाशी उजवीकडं जास्त खाल्ली जायची. मग डावीकडं जोर द्यावा लागतो.’

मामाने पाहिलं ते खरंच होतं. मिस्त्रींचा हात डावीकडे दाबत होता, चाक डावीकडे झिजलेलं होतं. पण कारण समजला तो दाब प्रत्यक्षात इलाज होता. वाकड्या चाकावर सरळ धार काढण्यासाठी एक माणूस रोज हाताने हिशेब जुळवत होता, आणि तेच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरलं.

आमच्या धंद्यात गिट नावाची प्रणाली वापरतात. त्यातली एक आज्ञा प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीपुढे ती शेवटी कुणी बदलली त्याचं नाव दाखवते. आज्ञेचं नावच ‘ब्लेम’. त्यात हमखास अशाच माणसाचं नाव सापडतं, ज्याने दुसरीकडची चूक सांभाळून घेण्यासाठी ती ओळ वाकडी लिहिली होती. ज्याचा हात कामात असतो, त्याचाच ठसा सापडतो.

मिस्त्रींशी मी हे बोललो नाही. रुंद पाती फक्त वरूनच लावायची, पुढचा दांडा घरगुती सुऱ्यांपुरता, आणि रात्री ट्रे रिकामा, असं ठरलं. मामा मिस्त्रींना सॉरी वगैरे म्हणाला नाही. मशीन पोराला द्यायची गोष्ट मात्र पुन्हा निघाली नाही. महिन्याभराने पोराने दोन्ही कडांचे व्यास मोजून मला फोटो पाठवला. फरक ०.१ च्या आत. फोटोत मागे मिस्त्री रंध्याचं पातं लावत होते, आणि दोन्ही हातांचा जोर सारखा दिसत होता.